कपाशीत तूर, रुळांवर माणसं आणि माल

जून लागला की कृषी केंद्रात दिवसातून पंचवीसदा एकच प्रश्न ऐकू येतो, "रॅक लागली का?" शहरातल्या माणसाला रॅक म्हणजे पुस्तकांची मांडणी वाटेल. आमच्या विदर्भात रॅक म्हणजे खताची अख्खी मालगाडी. ती धामणगावला लागली की वर्ध्याला, यावर आमच्या गावात युरिया सोमवारी येणार की गुरुवारी हे ठरतं.

एका रॅकमध्ये किती खत मावतं, हिशेब करून बघा. बेचाळीस बंद वाघिणींची गाडी धरली तर ढोबळमानाने २,६०० टन. युरियाची गोणी ४५ किलोची. म्हणजे ५७ हजारांवर गोण्या एका गाडीत. हाच माल सोळा-सोळा टनांच्या ट्रकमधून आणायचा तर १६० हून जास्त ट्रक लागतील. गोणीवर 'हूक लावू नये' असं छापलेलं असतं आणि प्रत्येक हमालाच्या हातात हूक असतोच, पण तो विषय वेगळा.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मी असाच माल उचलायला ट्रकवाल्यासोबत एका मालधक्क्यावर गेलो होतो. रॅक वेळेवर लागलेली. धक्क्याच्या निम्म्या भागावर छप्पर नव्हतं, तिथल्या थप्प्यांवर ताडपत्र्या टाकलेल्या. धक्क्यापासून डांबरी सडकेपर्यंत दोनेकशे मीटरचा कच्चा तुकडा, आणि माती आपली काळी. भरलेला पहिलाच ट्रक मागच्या चाकांनी असा बसला की मागचे सगळे जागच्या जागी. इकडे वाघिणी ठरल्या तासांत रिकाम्या नाही झाल्या तर डॅमरेज नावाचा दंड, उतरवलेला माल धक्क्यावर पडून राहिला तर व्हारफेज. शेवटी शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर आणून साखळीने ट्रक ओढला, तोवर दुपार कलली होती. तो तुकडा कोणाचा, हे मी हौसेने विचारून पाहिलं. रेल्वेचा माणूस म्हणाला, आमची हद्द धक्क्यापाशी संपते. रस्तेवाले म्हणाले, हा आमच्या यादीत नाही. ग्रामपंचायतीला तर असा काही रस्ता आहे हेच नवीन होतं.

शेकडो किलोमीटर बिनबोभाट आलेला माल शेवटच्या दोनशे मीटरवर चिखलात रुतला. 'एकात्मिक प्रवासी व मालवाहतूक रेल्वे नियोजन' असा भारदस्त मथळा पेपरात दिसला की मला तो तुकडा आठवतो.

एकात्मिक म्हणजे काय?

शब्द जड आहे, गोष्ट आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. आपण कपाशीत तुरीच्या ओळी घालतो. वावर एकच, पण दोन पिकांची गरज आणि काढणी वेगवेगळ्या वेळी येते, म्हणून दोघांचं निभतं. मात्र ओळी पेरतानाच मोजून घालाव्या लागतात. कपाशी कमरेएवढी झाल्यावर मध्ये तूर टोबायची म्हटली तर एकही पीक धड येत नाही.

रुळांचंही तसंच. माणसांना गाडी सकाळी आणि संध्याकाळी हवी. कोळसा, सिमेंट, खत यांना वेळेचं सोयरसुतक कमी, रात्रीही चालतात. पण दोघांना रूळ तेच, सिग्नल तेच, स्टेशनही तेच. नवीन मार्ग आखतानाच कुठे मालधक्का, कुठे जादा लाइन, कुठे एसटीचा थांबा, कुठे गोदाम हे एकत्र बसून ठरवायचं, याला एकात्मिक नियोजन म्हणतात. आधी रूळ टाकायचे आणि बाकीचं नंतर पाहू म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी रीत.

रेल्वे केंद्राची, मग राज्याचं काम काय?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे केंद्राच्या यादीत आहे. गाडी कोणती, किती वाजता, तिकीट केवढ्याचं, यातलं काहीच मुंबईच्या मंत्रालयात ठरत नाही. म्हणून आमदाराने गाडीचा थांबा 'मंजूर करून आणला' असा फलक दिसला तर त्याने मागणी केली होती एवढंच समजावं.

पण राज्याच्या हातात जे आहे ते कमी नाही. पहिली जमीन. रूळ ज्या वावरातून जाणार ते संपादित करायचं काम उपविभागीय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून चालतं, सातबारा राज्याच्या महसूल खात्याचा. जंगल असेल तर वनखात्याचा प्रस्ताव राज्यातूनच वर जातो. स्टेशनपर्यंतचा रस्ता, एसटी, बाजार समिती, वखार महामंडळाची गोदामं, एमआयडीसी हे सगळंही राज्याचं. आणि गेल्या काही वर्षांत पैसाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गात राज्याचा वाटा ४० टक्के आहे. वडसा–गडचिरोली मार्गात निम्मा. याशिवाय 'महारेल' नावाची कंपनी आहे, राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांची अर्धी-अर्धी भागीदारी. फाटकांच्या जागी उभे राहणारे बरेचसे उड्डाणपूल तिचेच. नागपूर–नागभीड ही १०६ किलोमीटरची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाइन, नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, तिला ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, करायचं कामही महारेलकडे आलं.

आता विदर्भाची एक खास अडचण, जिच्याबद्दल बोललं फार कमी जातं. आपला प्रदेश रेल्वेच्या तीन झोनमध्ये वाटलेला आहे. वर्धा, चंद्रपूर, अकोला, बडनेरा मध्य रेल्वेत, म्हणजे मुख्यालय मुंबई. त्यातही अकोला-बडनेरा भुसावळ विभागात आणि वर्धा नागपूर विभागात. गोंदिया, वडसा, नागभीड दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत, मुख्यालय छत्तीसगडमधलं बिलासपूर. वाशिम दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात, मुख्यालय सिकंदराबाद. नागपुरात तर एकाच शहरात दोन झोनची दोन विभागीय कार्यालयं आहेत. प्रत्येक झोन आपल्या हद्दीपुरता शहाणा. वाशिमचा शेतकरी, वडशाचा तांदूळ गिरणीवाला आणि वणीचा कोळसा यांचा एकत्र नकाशा पाहणारं टेबल रेल्वे बोर्डाच्या पातळीच्या खाली नाही. असं टेबल मांडू शकतं ते राज्य सरकार, आणि माझ्या मते राज्याने पैसे देण्यापेक्षाही हे काम आधी करायला हवं.

पॅसेंजर का थांबते

वर्ध्याकडून येणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलेल्या प्रत्येकाने हे भोगलंय. एखाद्या लहान स्टेशनवर गाडी बाजूच्या लाइनीत घेतात. शेंगदाणेवाला दोनदा फिरून जातो. पाऊण तासाने मुख्य लाइनीवरून मालगाडी जाते, डबे मोजता मोजता पोरं थकतात. समोर बसलेले काका एकदा म्हणाले, "पयले कोयसा, मंग मानूस. कोयसा बोंबलत नाही ना, तरी त्यालेच घाई!"

यामागचं कारण समजून घेतलं की राग थोडा कमी होतो. जुन्या पद्धतीच्या मार्गावर दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात, एका लाइनीवर एका वेळी एकच गाडी सोडतात. पुढची तो तुकडा मोकळा करत नाही तोवर मागचीला सिग्नल नाही. आता त्याच लाइनीवर एक गाडी ताशी ११० ने धावणारी, एक दर आठ-दहा किलोमीटरला थांबणारी आणि एक साडेतीन-चार हजार टन कोळसा घेऊन हळूहळू वेग पकडणारी. भरलेली मालगाडी एकदा थांबवली की पुन्हा चालती करायला वेळ आणि वीज दोन्ही जास्त लागतात, म्हणून कंट्रोलवाला तिला शक्यतो थांबवत नाही. नियमाच्या पुस्तकात पॅसेंजरचा मान मालगाडीच्या वर आहे. पण ज्याला चार गाड्या एका तुकड्यातून काढायच्या असतात तो पुस्तक उघडून बसत नाही.

त्यात विदर्भ देशाच्या मधोमध. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही हमरस्ते आपल्याच अंगणात एकमेकांना छेदतात. वणी, घुग्घुस, उमरेडच्या खाणींचा कोळसा चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडे निघतो तो याच गर्दीतून. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत देशभर वीजकेंद्रांत कोळसा कमी पडला तेव्हा रेल्वेने कोळशाच्या गाड्यांना वाट द्यायला प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या. ऐन लग्नसराईत. पंख्याला वीज हवी की मावशीकडे जायला गाडी, असा तो निवाडा होता.

यावरचा इलाज म्हणजे जादा लाइनी. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा–भुसावळ या ३१४ किलोमीटरच्या मार्गावर तिसऱ्या आणि चौथ्या लाइनीला मंजुरी दिली. त्याआधी एप्रिलमध्ये गोंदिया–बल्लारशाह या २४० किलोमीटरच्या एकेरी मार्गाच्या दुहेरीकरणाला. यातली दुसरी बातमी मला जास्त मोलाची वाटते. एकेरी मार्गावर समोरून येणारी गाडीसुद्धा स्टेशनातच ओलांडावी लागते, आणि झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, माणसाला दुसरा मार्गच नाही.

ग्रामीण प्रवाशाला नुसत्या लाइनी वाढल्याने मात्र काही मिळत नाही. जादा लाइन मोकळी झाली की तिच्यावर आणखी मालगाड्या आणि आणखी लांब पल्ल्याच्या एक्सप्रेस येतात. नव्या क्षमतेतला सकाळचा-संध्याकाळचा वाटा स्थानिक गाड्यांसाठी राखायचा, हे आधी कागदावर लिहून घ्यावं लागतं. नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोडपर्यंत 'ब्रॉडगेज मेट्रो' चालवायची कल्पना २०१८ मध्ये मांडली गेली, ती याच जागेच्या मागणीचा एक प्रकार. रूळ रेल्वेचे, गाड्या वेगळ्या. अवघड बाब गाड्या विकत घेण्याची नाही, त्यांना रुळांवर वेळ मिळण्याची आहे.

स्वस्त तिकीट कोण भरतं?

रेल्वेच्या तिकिटावर एक ओळ बारीक अक्षरात छापलेली असते. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम भाड्यातून वसूल होते, अशा अर्थाची. उरलेला मोठा हिस्सा मालवाहतुकीतून निघतो. आणि रेल्वेच्या एकूण मालात निम्म्याच्या आसपास कोळसा. म्हणजे ज्या कोळशाच्या गाडीला आपण बाजूच्या लाइनीत बसून शिव्या घालतो, तीच आपल्या तिकिटाचे उरलेले पैसे भरत असते. काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग तिच्यातच बसवा आमाले."

विनोद सोडला तर हिशेब सरळ आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातला बहुतेक माल रेल्वेने जायचा. आता रेल्वेचा वाटा पाव हिश्शापेक्षा थोडा वर आहे, बाकी सडकेवर. राष्ट्रीय रेल्वे योजनेत २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट लिहिलंय. माल सडकेवर गेला की रेल्वेची कमाई घटते, मग तोट्यातली पॅसेंजर सगळ्यात आधी डोळ्यावर येते. आणि सडकेचं काय होतं ते आलापल्ली–आष्टी रस्त्याने लोहखनिजाच्या ट्रकमागे एकदा दुचाकी चालवली की कळतं.

कापसासाठी रूळ, माणसं फुकटात

विदर्भात रेल्वे आली ती मुळात मालासाठी. भुसावळकडून येणारी लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब–खामगाव ही तेरा-एक किलोमीटरची शाखा खास खामगावच्या कापूस बाजारासाठी सुरू झाली, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही जवळपास १९० किलोमीटरची नॅरोगेज घातली. हीच आपली शकुंतला. सरकी काढलेला कापूस मूर्तिजापूरला आणायचा, तिथे मोठ्या गाडीत चढवायचा आणि मुंबई बंदरावरून मँचेस्टरकडे. माणसं त्यात सोबतीला बसली.

शकुंतलेबद्दल लोक हळवे होतात, मीही होतो. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं तिला. पण नियोजनाच्या नजरेने पाहिलं तर तिच्या मरणाचं मोठं कारण तिच्या रुंदीत होतं. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, मोठ्या लाइनीचं १,६७६. वाघीण एकीकडून दुसरीकडे जाऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला उतरवा, पुन्हा चढवा, दोनदा हमाली. यवतमाळहून ट्रक निघाला की थेट गिरणीच्या दारात. कापूस गेला, नुसती माणसं उरली, आणि माणसांच्या तिकिटावर गाडी जगत नाही हे वर आलंच आहे.

मग यवतमाळसारखं जिल्ह्याचं ठिकाण ब्रॉडगेजची वाट पाहत बसलं. वर्धा–नांदेड मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला. पहिली गाडी वर्ध्याहून देवळी, भिडी करत चिंतामणीच्या कळंबला आली फेब्रुवारी २०२४ मध्ये. ३९ किलोमीटरला पंधरा वर्षं. जमीन, पैसा आणि पुन्हा जमीन. उशिराचा खर्च आपण फक्त रुपयांत मोजतो. पण ज्याचं वावर आखणीत आलेलं असतं तो त्या पंधरा वर्षांत विहीर खोदत नाही, संत्रा लावत नाही, वाटणी करत नाही. त्याचा हिशेब कोणत्याच प्रकल्प अहवालात मी पाहिलेला नाही.

अकोला–खंडवा मार्गाची गोष्ट आणखी वेगळी. अकोल्यापासून अकोटपर्यंत मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं, पुढे मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प लागतो. जुना रूळ वाघाच्या घरातून गेलेला. तेव्हा मार्ग बाहेरून वळवायचा ठरला. लांबी वाढते, खर्च वाढतो, पण वळणावरच्या गावांना कधी नव्हे ती रेल्वे दिसण्याची शक्यताही वाढते.

संत्र्याचं गणित

नरखेड–बडनेरा या सुमारे १३८ किलोमीटरच्या मार्गावर वरुडच्या स्टेशनचं नावच 'वरुड ऑरेंज सिटी' आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगरला किसान रेल निघाली आणि तिच्यात वरुडचा संत्रा चढला. भाड्यात ५० टक्के सवलत होती. दोन दिवस सगळे चॅनेल संत्र्याच्या क्रेटपाशी.

पण संत्रा उत्पादकाला विचारा. ट्रक बगिच्याच्या धुऱ्यावर येऊन उभा राहतो. व्यापाऱ्याची माणसं तोडतात, छाटतात, भरतात, आणि तो रात्री निघतो. रेल्वेसाठी आधी क्रेट स्टेशनवर न्या, उतरवा, डब्यात चढवा, तिकडे पुन्हा उतरवा. प्रत्येक चढ-उताराला फळ दबतं. त्यात आंबिया बहाराचं फळ निघतं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चला. मधले महिने डबे कशाने भरायचे? रेल्वे बारमाही गिऱ्हाईक शोधते आणि शेती हंगामी.

इथे आंतरपीक पुन्हा कामाला येतं. जूनला खत उतरतं. ऑक्टोबरला सोयाबीन आणि संत्रा निघतो. नोव्हेंबर ते मार्च कापसाच्या गाठी आणि सरकीची ढेप. फेब्रुवारीपासून तूर, हरभरा. पाच तालुक्यांचा हा माल पाच ठिकाणी वाटला तर कुठेच पुरी रॅक भरत नाही. एका चांगल्या मालधक्क्यावर, छप्पर, पक्का रस्ता, वजनकाटा, वखार आणि फळांसाठी शीतगृहासह गोळा केला तर त्या धक्क्याला वर्षभर काम आहे. वीस वाघिणींच्या मिनी रॅकची सोय रेल्वेने ठेवलेली आहे, ती अशाच ठिकाणी उपयोगी पडते. कोणत्या तालुक्यात कोणत्या महिन्यात किती माल निघतो, हा आकडा रेल्वेकडे नसतो. तो राज्याच्या कृषी आणि पणन खात्याकडे असतो. दोन कार्यालयांतल्या दोन फायली एका टेबलावर आल्या की वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावासारख्या ठिकाणच्या मोठ्या लॉजिस्टिक पार्कलाही खालून माल मिळेल. नाहीतर तिथे कंटेनर असतील आणि आपली सरकी सडकेनेच जाईल.

नव्या मार्गाची बातमी वाचताना मी आता तीन गोष्टी शोधतो. मालधक्का कोणत्या स्टेशनला. सकाळी तालुक्याला पोचवणारी गाडी आहे का. आणि रूळ ओलांडायची सोय कशी. तिसरी गोष्ट कोणी छापत नाही, म्हणून तिची एक आठवण सांगतो.

एका गावात जमीन संपादनाची बैठक होती. पडद्यावर नकाशा, लाल रेघ वावरांना मधोमध चिरत गेलेली. मोबदल्यावर दोन तास रणधुमाळी झाली. शेवटी मागच्या सतरंजीवरून एक म्हातारे शेतकरी उठले. त्यांचं अर्धं वावर रेघेच्या अलीकडे होतं, अर्धं पलीकडे, आणि मध्ये भुयारी रस्ता दाखवलेला. बैलगाडीला आमच्याकडे बंडी म्हणतात. त्यांनी विचारलं, "साहेब, त्या बोगद्यातून माही कापसाची बंडी जाईन का?"

साहेबांनी उंचीचा आकडा सांगितला. म्हाताऱ्यांनी उजवा हात वर केला, मग पंजा आणखी वितभर वर नेला. "एवढी भरतो मी. आन् पावसाचं पानी खाली साचन थे येगळं." साहेबांनी शेजारच्या अभियंत्याकडे पाहिलं. अभियंत्याने नकाशा पुढे ओढला, पेन काढलं आणि विचारलं, "भरलेली बंडी जमिनीपासून किती उंच होते, नक्की सांगता?"

टेप कोणाकडेच नव्हता. दोघं जण मोजायला बाहेर गेले.